मित्रांसह सायकलीवरून देशाटन

पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत सायकलीनें प्रवास करून आल्यावर आम्हां चौघां मित्रांस जो भेटेल तो एकच प्रश्न विचारूं लागला : "रोज किती किलोमीटर ?" प्रश्न स्वाभाविक आहे, तथापि मला वाटतें, तो दुय्यम आहे. दिवसास ऐंशी-नव्वद किलोमीटर सायकल चालविणें निरोगी तरुणास थोड्या अभ्यासानें साधतें. खरा प्रश्न असा कीं, निरनिराळ्या ताकदीचीं व निरनिराळ्या स्वभावांचीं चार माणसें वीस दिवस एकाच रस्त्यानें जाऊन शेवटीं एकत्र कशीं पोहोंचतात ? शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहावें अशी संपादकांनीं आज्ञा केली, तेव्हां नुसती हकीकत न सांगतां दूरचा सायकलप्रवास कोणत्या नियमांवर चालतो, व ते नियम मोडल्यास काय होतें, हें समजावून द्यावें असें मनांत आलें. त्यांतला एक नियम आमच्या हातून मोडला. तीही गोष्ट येथें लपवून ठेवलेली नाहीं.

आम्ही चौघे याच शाळेच्या एका वर्गांतले. एक बँकेंत हिशेब पाहतो, दुसरा यंत्रांच्या कारखान्यांत काम करतो, तिसरा मुलांस चित्रकला शिकवितो आणि चौथा प्रस्तुत लेखक. आमचा चित्रकार मित्र प्रकृतीनें किरकोळ. लहानपणापासून त्याला ऊन सोसत नाहीं. मुलगा कर्ता झाला असला तरी आईच्या संमतीवांचून निघणें त्याला प्रशस्त वाटेना, आणि काकू तर संमति देईनात. शेवटीं मीं स्वतः जाऊन त्यांची समजूत घातली. निघण्याच्या आदल्या सायंकाळीं त्यांनीं तिळाचे चार लाडू एका डब्यांत भरून दिले आणि मला म्हणाल्या, "संक्रांतीला तुम्ही तिकडे असाल. चौघे जातां आहांत, तर चौघांनीं एके ठिकाणीं बसून हे खा. आणि याला मागें टाकूं नकोस रे." मीं शब्द दिला. शब्द देणें सोपें असतें.

सायकलीवरून देश पाहण्याची कल्पना नवी नाहीं. मुंबईच्या सहा पारशी तरुणांनीं ती १०० वर्षांपूर्वींच किती दूरवर नेली, तें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असलें पाहिजे. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला व नरिमन कापडिया हे सहाजण १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सायकलींवर निघाले ते पृथ्वीप्रदक्षिणेसाठीं. इराणचे डोंगर, इराकचें वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान व चीन असा प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजीं ते मुंबईस परतले. एकूण अंतर झालें सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांनीं लिहिलेल्या प्रवासवृत्तास पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे.

आतां या आंकड्यांचा थोडा हिशेब करून पाहूं. निघाल्यापासून परतेपर्यंत सुमारे १,६०० दिवस लागले. भागाकार केला तर रोजची सरासरी ४४ किलोमीटरांच्या आसपास येते. ४४ किलोमीटर ही कांहीं अचाट मजल नव्हे. आपल्यांतील पुष्कळ विद्यार्थी एका रविवारीं तेवढें सहज जाऊन येतील. म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा ही अचाट शक्तीनें झाली नाहीं, ती न थकणाऱ्या सातत्यानें झाली. दुसराही एक आंकडा विचार करण्यासारखा आहे. निघाले ते सहा आणि प्रदक्षिणा पुरी करून परतले ते पहिले तिघे. उरलेले तिघे वाटेंत निरनिराळ्या ठिकाणीं वेगळे झाले. यांत कोणाला दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु रस्त्यावर टिकून राहण्याहून एकत्र टिकून राहणें अवघड असतें, एवढें यावरून दिसतें.

आमचा मार्ग त्या मानानें फारच लहान : पुणें, सातारा, कोल्हापूर, बेळगांव, हुबळी, दावणगिरी, बंगळूर, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली आणि कन्याकुमारी. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. नकाशा पुढें ठेवून आम्हीं तो नद्यांवरून पाठ केला होता, आणि विद्यार्थ्यांनीं भूगोल असाच शिकावा असें मी सुचवीन. नीरा, कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा, तुंगभद्रा, कावेरी, वैगई आणि ताम्रपर्णी : या अकरा नद्या ओलांडल्या कीं दक्षिण समुद्र आला. पुस्तकांत जो दख्खनचा पठार-प्रदेश एका वाक्यांत संपतो, तो सायकलीवर पायांना कळतो. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तर बंगळूर सुमारे ९०० मीटर. म्हणजे तेथपर्यंत चढउतार होत होत एकंदरींत चढच आहे. बंगळुराच्या पुढें कृष्णगिरीकडे जमीन उतरूं लागते, आणि तेव्हां पठार संपलें हें सांगावयास शिक्षक लागत नाहीं.

प्रथम वाहनाविषयीं. दूरच्या प्रवासास महागडी सायकल लागतेच असें नाहीं. पण ती अंगाला बेताची असली पाहिजे. बैठकीवर बसून टांच पायडलवर ठेविली असतां पायडल खालच्या टोकास येईल तेव्हां पाय जवळजवळ सरळ व्हावा. बैठक याहून खालीं असली तर दोन दिवसांत गुडघे दुखूं लागतात. सामान पाठीवर घेऊं नये. पाठीवरचें ओझें कंबर मोडतें व घामानें अंग उबवितें. तें मागील चाकाच्या दोहों बाजूंस, शक्य तितकें खालीं, समतोल बांधावें. आम्हां प्रत्येकाचें सामान, पाणी सोडून, आठ किलोंच्या आंत होतें. जी वस्तु पहिल्या तीन दिवसांत एकदांही लागली नाहीं ती आम्हीं कोल्हापुराहून घरीं परत पाठविली. औषधें, पंप आणि पावसाचा कागद यांस मात्र हा न्याय लावूं नये.

घाट कसा चढावयाचा हें समजण्यास थोडें गणित पाहिजे. समजा, सायकलीच्या पुढील चक्रास ४४ दांते आहेत व मागील चक्रास १८. पायडलचा एक फेरा झाला म्हणजे मागील चाकाचे जवळजवळ अडीच फेरे होतात. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर एका फेऱ्यांत सायकल सुमारे ५.४ मीटर पुढें जाते. सपाटीवर हें उत्तम. परंतु खंबाटकीच्या चढावर तेवढें अंतर एका फेऱ्यांत ओढण्यास पायांची ताकद पुरत नाहीं. गीअरच्या सायकलींत पुढें २८ व मागेंही २८ दांत्यांचें चक्र धरतां येतें. मग एका फेऱ्यास सायकल फक्त २.२ मीटर सरकते. श्रम एकंदरींत कमी होत नाहींत. ते अधिक फेऱ्यांत वांटले जातात, म्हणून सोसतात. मोठें कर्ज लहान लहान हप्त्यांनीं फेडावें तसाच हा प्रकार. ज्यांची सायकल साधी आहे त्यांनीं घाटांत खालीं उतरून चालत जावें. त्यांत यत्किंचितही कमीपणा नाहीं. आमच्या चित्रकार मित्रानें खंबाटकींत सायकल हातीं धरून चालतां चालतां मागें वळून जें दृश्य पाहिलें, तें आम्हां बाकीच्यांस मुळींच दिसलें नाहीं. आमची मान खालीं होती.

चढाहूनही मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो, आणि तो वेग टिकविण्यास आठपट शक्ति खर्चावी लागते. म्हणून ताशी पंधरा किलोमीटरांनीं दिवसभर जाणारा माणूस ताशी तीस किलोमीटरांनीं अर्धा दिवस जाईल, हा हिशेब चुकीचा. तो तासाभरांतच थकून बसेल. समोरून ताशी पंधरा किलोमीटरांचा वारा असला तर पंधराच्या वेगानें जाणाऱ्यास तीसच्या वेगाइतका विरोध सोसावा लागतो. यावर उपाय म्हणजे ओळीनें जाणें. पुढचा वारा फोडतो. मागच्यास पुष्कळ कमी श्रम पडतात. दर दहा मिनिटांनीं पुढचा बाजूस होऊन मागें यावा व दुसऱ्यानें पुढें व्हावें. हंसांची रांग अशीच उडते. या ओळींत सर्वांत अशक्त गडी कोठें असावा ? पुष्कळ लोक सांगतील, शेवटीं. तें चूक आहे. शेवटच्यानें जरा अंतर सोडलें कीं त्याचा आडोसा जातो, मग तो अधिकच मागें पडतो, आणि पुढच्यांस तें कळतही नाहीं. त्याचें योग्य स्थान दुसरें. शेवटीं सशक्त माणूस पाहिजे, आणि दुरुस्तीचीं हत्यारें त्याच्याजवळ पाहिजेत. कारण ज्याचें चाक फुटतें तो नेहमीं मागेंच राहतो.

वाऱ्याचा व पावसाचा विचार करूनच ऋतु ठरवावा लागतो. तमिळनाडूंत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो, आपल्याकडील पावसाळ्याच्या उलट. म्हणून आम्ही २६ डिसेंबर रोजीं निघालों, म्हणजे आम्ही तिकडे पोहोंचेपर्यंत पाऊस ओसरलेला. शिवाय या दिवसांत वारा ईशान्येकडून येतो. दक्षिणेस जाणाऱ्याच्या तो बहुधा पाठीशीं असतो. वीस दिवसांचा बेत आम्हीं असा आंखला होता : सतरा दिवस चालावयाचें, दोन विश्रांतीचे व एक राखीव. राखीव दिवस कां ठेवावा, असें आमच्या हिशेबनिसानें विचारलें होतें. त्याला पुढें उत्तर मिळालें.

दुरुस्तीची कला प्रत्येकास आली पाहिजे. ती एका तासांत शिकतां येते. ट्यूब फुटली असतां प्रथम टायरच्या आंतून बोट फिरवून कांटा किंवा कांच शोधून काढावी; हें न करतां ठिगळ लावणारा पुढच्याच मैलावर पुन्हां थांबतो. मग ट्यूबमध्यें हवा भरून ती पाण्यांत बुडवावी. बुडबुडे येतील तेथें छिद्र. ती जागा पुसून, कांचकागदानें घासून, सोल्यूशन लावून तें थोडें वाळूं द्यावें, आणि मगच ठिगळ दाबावें. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ बसत नाहीं. येथें घाई करणारा दोनदां काम करतो. मौजेची गोष्ट अशी कीं, पाण्यास कानडींत 'नीरु' व तमिळांत 'तण्णीर' म्हणतात, पण 'पंक्चर' हा शब्द पुण्यापासून कन्याकुमारीपर्यंत सर्वांस समजतो.

खाण्यापिण्याचा नियम एका वाक्यांत सांगतां येईल : भूक लागण्यापूर्वीं खावें आणि तहान लागण्यापूर्वीं प्यावें. तहान ही उशिरां येणारी सूचना आहे. शरीर घामावाटे थंड होतें. त्याबरोबर पाणी व मीठ दोन्ही जातात. नुसतें पाणी पीत राहिल्यास मिठाची भर होत नाहीं. एक लिटर स्वच्छ पाण्यांत साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा चमचा घालून केलेलें पेय जवळ असावें. बाकी दक्षिणेच्या रस्त्यावर सायकलस्वाराची उपासमार होत नाहीं. कोल्हापूरच्या बाजूस गुऱ्हाळें चालू होतीं. एका शेतकऱ्यानें आम्हांस गरम गूळ पानावर वाढला. पुढें दावणगिरीचा लोण्याचा डोसा, आणि त्याच्यापुढें रोज पहांटे इडली. केळें तर सायकलस्वारासाठींच निर्माण झालें आहे. त्याला भांडें लागत नाहीं, धुवावें लागत नाहीं, आणि तें खिशांत मावतें.

रस्त्यावरील सुरक्षिततेविषयीं पालकांच्या मनांत धास्ती असते, व ती योग्यच आहे. महामार्गावर डाव्या कडेनें, एकामागें एक जावें. जोडीनें गप्पा मारीत जाणें हा अपघातास आमंत्रण देण्याचा प्रकार. शिरस्त्राण, मागचा लाल दिवा व चकाकणारी पट्टी हीं असावींत. सूर्यास्तानंतर एक किलोमीटरही जाऊं नये. मुंबई-पुणें द्रुतगती मार्गासारख्या ज्या रस्त्यांवर सायकलीस मनाई आहे तेथें जाऊंच नये. आम्ही पहांटे उजाडतां निघत असूं व दुपारीं एकच्या आंत मुक्काम गांठीत असूं. दुपारनंतर ऊन, वाहनें आणि थकवा हीं तिन्ही एकदमच वाढतात.

खर्च समाईक होता. प्रत्येकानें सारखी रक्कम हिशेबनिसाकडे आधींच दिली व वाटेंत कोणीही स्वतःचें पाकीट काढावयाचें नाहीं असें ठरलें. यामुळें पैशावरून एकदांही तंटा झाला नाहीं. कामेंही वांटलेलीं होतीं : मी पुढें राहून वाट पाहावयाची, कारखान्यांतल्या मित्रानें हत्यारें घेऊन शेवटीं राहावयाचें, हिशेबनिसानें जेवणाची व मुक्कामाची सोय लावावयाची आणि चित्रकारानें रोजनिशी लिहावयाची. आणि एक मुख्य नियम : जो सर्वांत हळू चालतो त्याची गति ती सर्वांची गति. पंधरा दिवस हा नियम पाळला गेला. सोळाव्या दिवशीं मदुराईस पोहोंचलों तेव्हां आम्ही तरबेज झालों होतों, किंवा तसें आम्हांस वाटूं लागलें होतें.

सतराव्या दिवशीं मदुराईहून कोविलपट्टीस जावयाचें होतें. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. आजवरच्या मजलांहून थोडें अधिक. विरुदुनगर मागें टाकल्यावर रस्ता काळ्या कपाशीच्या जमिनींतून जातो. दोहों बाजूंस उघडें माळ व मधून मधून एखादा कडुनिंब. त्या दिवशीं वारा अगदीं पाठीशीं होता. असा वारा पंधरा दिवसांत मिळाला नव्हता. सायकली जणूं आपोआप धांवूं लागल्या. सत्तूर गांव ओलांडल्यावर मीं मागें वळून हत्यारेंवाल्या मित्रास हांक मारली, "ये कीं पुढें ! आज कांहीं फुटत नाहीं." तो आला, हिशेबनीसही आला. चित्रकारानें हात हलविला. आम्हीं त्याचा अर्थ 'व्हा पुढें' असा घेतला.

साडेबाराच्या सुमारास कोविलपट्टीच्या वेशीवर पोहोंचून आम्ही चहा घेत बसलों. पंधरा मिनिटें झालीं, अर्धा तास झाला, चौथा येईना. दूरध्वनि करावा तर उत्तर नाहीं. मग हिशेबनिसास तेथें ठेवून आम्ही दोघे परत फिरलों. जो वारा आम्हांस घेऊन आला होता तो आतां समोरून येत होता. चौदा किलोमीटर जाण्यास तास उलटून गेला. त्या तासांत मला काकूंचा चेहरा किती वेळां दिसला, तें मी सांगूं शकत नाहीं.

रस्त्याच्या कडेस चहाच्या एका झोपडीबाहेर त्याची सायकल उभी दिसली. आंत गोणपाटावर तो निजला होता. एक प्रौढ बाई त्याच्या कपाळावर ओला फडका ठेवीत होती व मधून मधून पेल्यानें कांहीं पाजीत होती. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हांस तिची. पेल्याकडे बोट दाखवून ती पुन्हां पुन्हां म्हणे, "मोर, मोर." मित्र क्षीण आवाजांत म्हणाला, "मोर म्हणजे ताक रे. मला वाटलें, मी भ्रमांत आहें म्हणून मोर ऐकूं येतो." त्याला ओकारी झाली होती, पोटऱ्यांत वांब येत होते आणि अंग तापलें होतें. मीं विचारलें, "थांबा म्हणून ओरडलास कां नाहींस ?" तो म्हणाला, "तुम्ही इतक्या मजेंत होतां. माझ्यामुळें सगळ्यांची लय मोडावी असें वाटेना."

कोविलपट्टीच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं उन्हाचा व शरीरांतील पाणी-मीठ कमी झाल्याचा हा परिणाम आहे. वेळेवर सांवली व ताक मिळालें नसतें, तर प्रकरण जिवावर बेतलें असतें. वारा पाठीशीं असतां असें कां व्हावें, हें मला त्या रात्रीं उमगलें. सायकलस्वार ज्या वेगानें जातो त्याच वेगाचा वारा मागून असला, तर त्याच्या अंगाला वारा लागतच नाहीं. घाम वाळत नाहीं, शरीर थंड होत नाहीं, आणि श्रम कमी वाटतात म्हणून पाणी पिण्याचें भानही राहत नाहीं. आम्ही वाऱ्याहून वेगानें जात होतों, आम्हांस थोडी झुळूक मिळत होती. तो वाऱ्याच्याच वेगानें चालला होता, म्हणून त्याच्याभोवतीं हवा निश्चल होती. एकच वारा आम्हांस सुखाचा व त्याला घातक झाला.

आणखीही एक गोष्ट उमगली, व तीच या लेखाचा गाभा आहे. आदल्या कांहीं दिवसांत आम्ही थोडे थोडे पुढें जाऊं लागलों होतों. झाडाखालीं बसून त्याची वाट पाहत असूं, आणि तो आला कीं "चला" म्हणून उठत असूं. आम्हांस वाटे, आपण थांबलों म्हणजे त्याच्यासाठीं थांबलों. वस्तुतः त्या प्रत्येक थांब्यांत विश्रांति आम्हांस मिळे. त्याला मुळींच नाहीं. जो सर्वांत थकलेला, त्यालाच सर्वांत कमी विश्रांति, असा उफराटा न्याय आम्ही रोज करीत होतों आणि त्याला मैत्री म्हणत होतों. थांब्याची वेळ पहिला पोहोंचल्यापासून मोजावयाची नसते. शेवटचा पोहोंचल्यापासून मोजावयाची असते. आणि मागें असलेला माणूस आपण होऊन बोलत नाहीं, म्हणून पुढच्यानेंच विचारावें लागतें.

त्या रात्रीं मीं काकूंना दूरध्वनीवरून सर्व सांगितलें. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आतां कोठें आहांत ? चौघे एकत्र आहांत ना ?" मीं होय म्हटलें. "मग झालें," एवढेंच त्या बोलल्या. त्या दोन शब्दांचें मला फार ओझें वाटलें.

राखीव दिवस कोविलपट्टींत विश्रांतींत गेला. दुसऱ्या प्रहरीं आम्ही त्या बाईकडे जाऊन आलों. पैसे तिनें घेतले नाहींत. तेव्हां चित्रकारानें डब्यांतला तिळाचा एक लाडू तिच्या हातावर ठेविला. तिनें तो दोन्ही हातांनीं घेतला व पदराच्या टोकास बांधला.

एकोणिसाव्या दिवशीं आम्ही ताम्रपर्णी ओलांडून तिरुनेलवेलीस गेलों. चित्रकार दुसऱ्या क्रमांकावर, हत्यारें शेवटीं. दुसऱ्या दिवशीं, १४ जानेवारीस, शेवटची मजल. आपल्याकडे संक्रांत, तिकडे पोंगल. पहांटे प्रत्येक दारापुढें रांगोळी, जिला ते कोलम् म्हणतात. दारांशीं ऊंस उभे केलेले आणि अंगणांत नव्या भांड्यांत नव्या तांदुळाचा भात शिजत असलेला. पुढें मुप्पंदलजवळ पवनचक्क्यांचें अरण्यच लागलें. पश्चिमघाटाच्या खिंडींतून पावसाळ्यांत जो प्रचंड वारा येतो त्यावर वीज निर्माण करण्यासाठीं त्या उभारल्या आहेत. त्या दिवशीं त्यांचीं पातीं संथ फिरत होतीं. आम्हीही संथच चाललों होतों.

दुपारीं समुद्र दिसला. समोरच्या खडकावरील विवेकानंद-स्मारक १९७० सालीं पुरें झालें. तें ज्यांच्या परिश्रमानें उभें राहिलें ते एकनाथजी रानडे अमरावती जिल्ह्यांतले. शेजारच्या खडकावर तमिळ कवि तिरुवळ्ळुवर यांचा १३३ फूट उंचीचा पुतळा आहे. त्यांच्या ग्रंथाचे अध्याय १३३, म्हणून उंचीही तितकीच. किनाऱ्यावर बसून आम्हीं डबा उघडला. लाडू तीन आणि माणसें चार. हिशेबनिसानें ते मोडून सारखे चार वांटे केले. एवढा कठीण हिशेब वीस दिवसांत आला नव्हता, असें तो म्हणाला. काकूंना दिलेला शब्द मीं पाळला असें मला म्हणतां येत नाहीं. तो एका अनोळखी बाईनें रस्त्याच्या कडेस माझ्यासाठीं पाळला.

विद्यार्थिमित्रांनो, हें वाचून तुम्हांस सायकलीवरून देश पाहावा असें वाटलें तर तें चांगलेंच आहे. पण एकदम कन्याकुमारीचा नकाशा काढूं नका. प्रथम वीस किलोमीटर जाऊन या, मग पन्नास. मग एक रात्र बाहेर राहून परत या. आपल्या हातानें ठिगळ लावावयास शिका. शेजारच्या प्रांतांच्या भाषांतून 'पाणी', 'उपकार' आणि 'दुखतें' एवढे तरी शब्द पाठ करा. जाल तेव्हां मोठ्या माणसाबरोबर आणि घरीं सांगून जा.

पालकांस माझी नम्र विनंति अशी कीं, मुलानें असा बेत काढला तर लगेच नाहीं म्हणूं नये आणि लगेच होयही म्हणूं नये. त्याला तीन प्रश्न विचारावेत : तुमच्यांत सर्वांत हळू कोण ? तो ओळींत कोठें राहणार ? आणि त्याला बरें नसेल तें तुम्हांला कसें कळणार ? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्या मुलांजवळ तयार आहेत त्यांस खुशाल जाऊं द्यावें. आणि तीं परत आल्यावर रोज किती किलोमीटर गेलां हें पुसण्यापूर्वीं, शेवटचा गडी केव्हां पोहोंचला आणि त्याच्यासाठीं पाणी कोणीं भरून ठेविलें होतें, तें पुसावें.